हाताला गाठ लागली तर : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

दिवाळीनंतर या सदराकडे आलेली पत्रे एकत्र वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. तासगाव, जत, कोरेगाव, कराड, वाई, विटा अशा वेगवेगळ्या गावांहून लिहिणाऱ्या वाचकांची काळजी मात्र एकच होती, ती म्हणजे मानेत, काखेत किंवा जांघेत हाताला लागलेली गाठ. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात दिली असून ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे.

सांगलीत रुग्ण तपासताना या गाठींच्या बाबतीत दोन टोकांच्या चुका मी सतत पाहत आलो आहे. काही जण आपोआप जिरणाऱ्या साध्या गाठीने घाबरून जातात आणि ती चिरून, डागून किंवा नाना प्रकारचे लेप लावून बिघडवून ठेवतात. तर काही जण जी गाठ त्याच आठवड्यात दाखवायला हवी होती, ती केवळ दुखत नाही म्हणून वर्षभर अंगावर काढतात. पुढची उत्तरे वाचताना एवढे ध्यानात असू द्यावे की, दुखण्यावरून गाठीचा धोका मोजता येत नाही. दुखरी गाठ बहुधा साध्या संसर्गाची असते आणि ज्यांची खरी काळजी करावी अशा गाठी पुष्कळदा मुळीच दुखत नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला अंघोळ घालताना मानेच्या दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढ्या तीन-चार गाठी माझ्या हाताला लागतात. त्याला ताप नाही, तो नीट जेवतो आणि दिवसभर खेळतो. आमच्या डॉक्टरांनी पाहून "काही नाही" असे सांगितले. सासूबाई म्हणतात, ही गंडमाळ आहे, दोरा बांधून आणू. मला मात्र रात्री झोप लागत नाही. (गृहिणी, तासगाव)

उत्तर : ताई, तुमच्या डॉक्टरांचे म्हणणे बरोबर असण्याचीच शक्यता फार मोठी आहे. मात्र ते "काही नाही" कशावरून, हेही त्यांनी सांगितले असते तर तुमची झोप उडाली नसती. म्हणून तेच आधी सांगतो.

आपल्या शरीरात सुमारे सहाशे लसिका ग्रंथी असतात. रक्तवाहिन्यांतून झिरपून पेशींच्या अवतीभवती साचणारा द्रव गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडणाऱ्या बारीक वाहिन्यांचे जाळे सर्वांगभर पसरलेले असते आणि या ग्रंथी म्हणजे त्या वाटेवरची नाकी होत. घसा, दात, त्वचा यांतून शिरलेला जंतू या नाक्यावर अडवला जातो, तिथल्या पांढऱ्या पेशी त्याला ओळखतात आणि त्याच्याशी लढण्यासाठी भराभर आपली संख्या वाढवतात. त्यामुळे ग्रंथी फुगते आणि एरवी न लागणारी गाठ हाताला लागू लागते. म्हणजे पुष्कळदा गाठ हा स्वतः आजार नसून, जवळपास कुठेतरी काहीतरी घडते आहे याची ती खूण असते.

प्रत्येक ग्रंथीचा मुलूख ठरलेला आहे. कानामागच्या आणि मानेच्या मागच्या ग्रंथी डोक्याच्या त्वचेची राखण करतात, जबड्याखालच्या ग्रंथी दात, हिरड्या आणि जिभेची, जबड्याच्या कोपऱ्यातल्या घशाची आणि टॉन्सिलची, काखेतल्या हाताची आणि स्तनाची, जांघेतल्या पायाची, कमरेखालच्या त्वचेची आणि जननेंद्रियांची. म्हणून माझ्याकडे कोणी गाठ घेऊन आले की मी गाठ चाचपून झाल्यावर लगेच तिच्या मुलखाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी एक आई आठ वर्षांच्या मुलीच्या रक्त तपासण्यांची जाड फाईल घेऊन आली होती. मुलीच्या मानेमागे चार गाठी होत्या आणि सगळे रिपोर्ट चांगले होते. मी मुलीची वेणी वर उचलली, तर कानामागे केसांच्या मुळाशी लिखांची रांग दिसली आणि खाजवून खाजवून झालेल्या खपल्या. तिला हवे होते ते उवांचे औषध आणि बारीक फणी. गाठी पुढच्या दीड-दोन महिन्यांत आपोआप बसल्या.

सहा वर्षांच्या मुलाला सर्दी-खोकल्याचा जवळजवळ प्रत्येक विषाणू नवा असतो आणि त्याच्या ग्रंथींना सतत काम असते. म्हणूनच या वयातल्या पुष्कळ निरोगी मुलांच्या मानेत अशा लहान गाठी लागतात. एक सेंटीमीटरपर्यंतची, मऊसर रबरासारखी, बोटाखाली सरकणारी गाठ असेल आणि मूल खेळत-जेवत असेल, तर थांबून पाहणे हाच उपचार आहे. ताप किंवा घसादुखी गेली तरी गाठ अनेक आठवडे, कधी कधी काही महिने रेंगाळते, त्यात वावगे काही नाही. मात्र ती रोज दाबून पाहू नका, कारण सारखी दाबल्याने ती हुळहुळी होते आणि बसत नाही. पंधरा दिवसांतून एकदा बोटांच्या पेरांनी हलकेच पाहावे आणि आकार कॅलेंडरवर लिहून ठेवावा. गाठ सुपारीएवढी म्हणजे दोन सेंटीमीटरच्या पुढे गेली, चार ते सहा आठवड्यांत कमी होण्याऐवजी वाढतच राहिली, तिच्यावरची कातडी लाल आणि गरम झाली, ताप येऊ लागला, मुलाचे वजन घटले किंवा अंगावर निळसर-जांभळे डाग दिसले, तर बालरोगतज्ज्ञांकडे अवश्य जा.

सासूबाईंच्या भीतीला हसू नका. आपल्या भागात गाठीचे भय जुने आहे. प्लेगमध्ये काखेत आणि जांघेत येणाऱ्या गाठींनी गावेच्या गावे रानात राहायला गेली होती आणि सातारा जिल्ह्यातल्या नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी पुण्यात गेल्या. गंडमाळ हे मानेतल्या ग्रंथींच्या क्षयाला आपल्या लोकांनी दिलेले नाव आहे आणि तो आजार आजही आहे. त्यांना प्रेमाने एवढेच सांगा की, दोरा बांधल्याने कोणतीही गाठ जात नाही, पण दोऱ्याच्या भरवशावर गेलेले महिने परत येत नाहीत.

प्रश्न : ज्वारी काढताना पायात धसकट घुसले. दोन दिवसांनी जांघेत अवधाण आले असून चालताना दुखते. घरातले जाणते लोक बिब्बा घालायला सांगतात. घालावा का? (शेतमजूर, जत)

उत्तर : बिब्बा घालू नका. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात आणि एका जखमेच्या दोन होतात. गाठ जांघेत असली तरी दुखणे पायात आहे, हे तुमच्या "अवधाण" या शब्दातच आले आहे. दुसरीकडच्या जखमेमुळे येणाऱ्या अशा गाठीसाठी आपल्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे, हे मला नेहमी विशेष वाटते. पायाची जखम साबण-पाण्याने स्वच्छ धुऊन डॉक्टरांना दाखवा, आत धसकटाचा तुकडा राहिलेला नाही याची खात्री करून घ्या, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि गरज असल्यास प्रतिजैविक घ्या. जखम भरत आली की अवधाण उतरते. मात्र पायावरून जांघेकडे चढत जाणारी लाल रेघ दिसली, थंडी वाजून ताप आला, किंवा तुम्हाला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पायाला काही झालेले नसताना जांघेत गाठ आली, तर मात्र जननेंद्रियावर फोड किंवा जखम आहे का हे पाहावे लागते आणि ते डॉक्टरांना न लाजता सांगावे. सतत अनवाणी चालणाऱ्या, काट्याकुट्यांतून वावरणाऱ्या माणसांच्या जांघेत दीड सेंटीमीटरपर्यंतच्या जुन्या, न दुखणाऱ्या गाठी असतात; त्यांची चिंता करू नये.

प्रश्न : आमची मुलगी तीन महिन्यांची आहे. तिच्या डाव्या काखेत बोराएवढी गाठ आली आहे. ती रडत नाही, दूध नीट पिते. लस टोचल्यामुळे हे झाले असे शेजारी म्हणतात. यापुढच्या लसी थांबवाव्यात का? (कोरेगाव)

उत्तर : जन्मानंतर डाव्या दंडावर दिलेल्या बीसीजीच्या लसीची ही गाठ असावी. ही लस क्षयाच्या दुबळ्या केलेल्या जिवंत जंतूंची असल्याने काही बाळांमध्ये त्याच बाजूच्या काखेतली ग्रंथी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी फुगते. गाठ टणक असेल, बाळाला ताप नसेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर काहीही करायचे नसते. ती हळूहळू जिरते. लेप, शेक, अँटिबायोटिक यांचा उपयोग नाही. गाठ मऊ पडून पाणी भरल्यासारखी झाली, तर बालरोगतज्ज्ञ सुईने आतला द्रव काढतात. ती चिरून घेऊ नका, कारण चिरलेली जागा दीर्घकाळ वाहत राहते. पुढच्या लसी ठरल्या वेळी द्या. मात्र बाळाचे वजन वाढत नसेल, वारंवार गंभीर संसर्ग होत असतील किंवा इतर ठिकाणीही गाठी असतील, तर बाळाची प्रतिकारशक्ती तपासावी लागते.

प्रश्न : माझी मुलगी एकवीस वर्षांची असून कॉलेजात शिकते. मानेच्या उजव्या बाजूला तीन महिन्यांपासून गाठ आहे. आधी एक होती, आता दोन-तीन एकमेकींना चिकटल्यासारख्या लागतात. दुखत नाहीत. संध्याकाळी कधी कधी अंग कोमट लागते. तीन वेगवेगळ्या अँटिबायोटिकचे कोर्स झाले. आता डॉक्टर सुईची तपासणी करू म्हणतात. घरातले म्हणतात, गाठीला सुई लावली की ती पसरते. शिवाय टीबी निघाला, तर मुलगी लग्नाची आहे, लोक काय म्हणतील? (एक आई, कराड)

उत्तर : आईसाहेब, तुमच्या पत्राला मी सर्वांत जास्त जागा देतो आहे, कारण अशा मुली मला वरचेवर भेटतात आणि त्यांचे जे नुकसान होते ते बहुधा आजाराने होत नाही, लपवण्यात आणि थांबण्यात गेलेल्या महिन्यांनी होते.

तुम्ही केलेले वर्णन ग्रंथींच्या क्षयाशी जुळते. तीन महिने टिकलेल्या, न दुखणाऱ्या, एकमेकींना चिकटत चाललेल्या मानेतल्या गाठी आणि संध्याकाळची कसर पाहिली की आपल्या देशात पहिला विचार क्षयाचाच करावा लागतो, कारण फुप्फुसाबाहेर होणाऱ्या क्षयात ग्रंथींचा क्षय इथे सर्वाधिक आढळतो. पण "जुळते" म्हणजे "आहे" नव्हे. तरुण मुलींच्या मानेत किकुची नावाच्या आजाराच्या गाठीही येतात. जपानमध्ये १९७२ साली त्याचे प्रथम वर्णन झाले, तो ताप आणि गाठी देतो आणि काही महिन्यांत आपणहून बरा होतो. लिम्फोमा म्हणजे ग्रंथींचा कर्करोगही याच वयात होऊ शकतो. हात लावून या तिन्हींतला फरक सांगणारा डॉक्टर मी अजून पाहिलेला नाही. तो सुईच्या किंवा तुकड्याच्या तपासणीतच कळतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेली तपासणी योग्य आहे. उशीर झाला आहे तो तिच्या आधीच्या तीन कोर्समध्ये.

त्या तीन कोर्सविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. ताप आणि दुखऱ्या गाठीसाठी एक कोर्स देऊन पाहणे समजण्यासारखे आहे. पण लेव्होफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधे क्षयाच्या जंतूंवरही थोडी चालतात. त्यामुळे आजार बरा होत नाही, मात्र काही काळ दबतो आणि तपासणीत जंतू सापडेनासे होतात. स्टेरॉइडच्या गोळ्यांचे याहून वाईट आहे. त्यांनी गाठ झपाट्याने ओसरते, घरचे निश्चिंत होतात आणि गाठ लिम्फोमाची असेल तर निदानच चुकते किंवा लांबते. निदानाआधी स्टेरॉइड देऊ नये, हे तुम्ही डॉक्टरांना नम्रपणे सांगू शकता आणि चिठ्ठीवर नेमके कोणते औषध लिहिले आहे हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आता सुईची भीती. रक्त काढण्याच्या सुईइतकीच, बहुधा त्याहूनही बारीक सुई गाठीत घालून आतल्या पेशी ओढून घेतात. मुलगी खुर्चीवर किंवा टेबलावर असते, भूल देण्याची गरज सहसा लागत नाही, पाच-दहा मिनिटांत काम होते आणि ती चालत घरी जाते. सुई लावल्याने लसिका ग्रंथीचा आजार पसरतो, हा समज खरा नाही. आधीच पसरत असलेला आजार सुईनंतर लक्षात येतो आणि दोष सुईवर जातो, असे मात्र होते. तपासणीच्या वेळी एक आठवण जरूर करा : काढलेला सगळा द्रव काचपट्टीवर न पसरता त्यातला भाग सीबीनॅट तपासणीसाठी आणि जंतूंच्या संवर्धनासाठी वेगळा ठेवायला सांगा. सीबीनॅटच्या यंत्रात सुमारे दोन तासांत क्षयाचा जंतू आहे की नाही आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल की नाही, या दोन्ही गोष्टी कळतात. संवर्धनाला काही आठवडे लागतात, पण त्याचा निर्णय अधिक भक्कम असतो. सुईने निदान झाले नाही किंवा लिम्फोमाची शंका आली, तर अख्खी गाठ काढून तपासावी लागते, कारण त्या आजारात सुट्या पेशींपेक्षा ग्रंथीची आतली रचना पाहणे महत्त्वाचे असते. त्यासोबत छातीचा एक्स-रे, साखर आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. शेवटच्या तपासणीचे नाव ऐकून चारित्र्याचा अर्थ लावू नये. ती क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची केली जाते.

क्षयच निघाला, तर? तर औषध आहे आणि ते बरे करते. नेहमीच्या क्षयात पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे, वजनानुसार आणि रोज, अशी सहा महिन्यांची ही शिदोरी आहे. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यातून मोफत मिळतात, आणि रुग्णाची नोंद निक्षय पोर्टलवर झाली की सकस आहारासाठी दरमहा रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. २०१८ मध्ये ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये आहे. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यांचीही ही नोंद होते. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी केशरी होते, त्याने घाबरू नये. पण डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा रंग ओळखण्यात फरक वाटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

राहिला लोकांचा प्रश्न. फुप्फुसात क्षय नसेल, तर मानेतल्या ग्रंथींच्या क्षयाची लागण खोकल्यातून होत नाही. तिचे ताट, पेला, अंथरूण वेगळे करण्याचे कारण नाही, आणि कृपा करून ते करू नका. एकवीस वर्षांच्या मुलीच्या मनावर त्या वेगळ्या ताटाचा जो घाव बसतो, तो सहा महिन्यांच्या गोळ्यांनी भरत नाही. ती कॉलेजात जाऊ शकते, परीक्षा देऊ शकते. उपचार पूर्ण झाल्यावर लग्न आणि मूल होण्यातही या आजाराची आडकाठी नसते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगासमोर मांडला, तरी नेमके औषध हाती यायला पुढे साठ वर्षांहून अधिक काळ गेला. १८९४ मध्ये मिरजेला मिशन हॉस्पिटल सुरू करणाऱ्या डॉक्टर वानलेस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वानलेसवाडीत क्षयरुग्णांना महिनोन्‌महिने मोकळ्या हवेत ठेवले जाई, कारण तेव्हा हवा आणि आहार यांपलीकडे देण्यासारखे फारसे काही नव्हते. लोकांच्या मनातली धास्ती त्या काळातली आहे. तुमच्या मुलीचा काळ वेगळा आहे.

आणखी एक, आणि हे मी स्वतःच्या चुकीवरून लिहितो. व्यवसायाच्या सुरुवातीला एका तरुणाच्या मानेत मऊ पडलेली गाठ मी साधे गळू समजून चिरली होती. तिच्यावर लाली नव्हती, हाताला ती गरम लागत नव्हती, दाबले तरी तो कळवळत नव्हता. या तिन्ही खुणा माझ्यासमोर असून मी त्यांचा अर्थ लावला नाही. ते थंड गळू होते, क्षयाचे. ती जखम पाच महिने वाहत राहिली आणि त्याच्या मानेवर ओढल्यासारखा व्रण कायमचा उरला. म्हणून तुमच्या मुलीची गाठ उद्या मऊ पडली आणि कोणी "एक चीर देऊन मोकळे करू" म्हणाले, तर आधी सुईने द्रव काढून तपासायला सांगा.

प्रश्न : मानेच्या टीबीचे औषध सुरू होऊन अडीच महिने झाले. वजन दोन किलो वाढले, ताप गेला, पण गाठ आधीपेक्षा मोठी दिसते आणि शेजारी एक नवी आली आहे. औषध लागू पडत नाही असे समजून बंद करावे का? (वाई)

उत्तर : बंद करू नका. ग्रंथींच्या क्षयात औषध नीट चालू असतानाही काही रुग्णांची गाठ तात्पुरती वाढते, कारण मरणाऱ्या जंतूंच्या अवशेषांवर शरीराची प्रतिकारशक्ती जोराने तुटून पडते. तुमचे वजन वाढले आहे आणि ताप गेला आहे, ही चांगली लक्षणे आहेत. तरीही डॉक्टरांना दाखवून, सुरुवातीला सीबीनॅट झाले नसेल तर गाठीतला द्रव पुन्हा तपासून जंतू औषधाला दाद देत आहे याची खात्री करून घ्या. उपचार संपल्यावरही एखादी लहान, टणक गाठ मागे राहू शकते. ती वाढत नसेल तर तिच्यासाठी पुन्हा औषध घ्यावे लागत नाही.

प्रश्न : माझे यजमान छपन्न वर्षांचे आहेत. तीस वर्षांपासून तंबाखूचा बार भरतात. जबड्याखाली डाव्या बाजूला चिंचोक्याएवढी घट्ट गाठ दोन महिन्यांपासून आहे, दुखत नाही. त्याच बाजूची दाढ हलते आणि गालाच्या आत एक जखम आहे, ती दाढ लागून झाली असे ते म्हणतात. ऊस कारखान्याला गेल्यावर दाखवू, असे त्यांचे चालले आहे. शिवाय मानेच्या खाली, गळपट्टीच्या हाडाच्या वर गाठ आली तर ती वाईट असते, असे ऐकले आहे, ते खरे का? (विटा)

उत्तर : तुमचे पत्र आले त्याच दिवशी त्यावर दिलेल्या क्रमांकावर मी संपादकांमार्फत आपल्याशी बोललो आहे, कारण हे उत्तर छापून हाती येईपर्यंत थांबण्याइतका वेळ या गाठीला देता येत नाही. तरीही ते इथे छापतो आहे, कारण सांगली आणि सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी कोणी ना कोणी बार भरतो, कोणी मिश्री लावते, आणि अशी गाठ व अशी जखम एकत्र दिसली तर काय करायचे हे त्या घरांना कळायला हवे.

चाळिशीच्या पुढच्या तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या जबड्याखाली किंवा मानेत आलेली दगडासारखी घट्ट, न दुखणारी, बोटाखाली न सरकणारी गाठ ही दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाची असू शकते, असे धरूनच चालावे लागते. गाठीचा मुलूख तोंड आहे, आणि मुलखात न भरणारी जखम आहे. दाढ लागून झालेली जखम दाढेची धार घासल्यावर किंवा दाढ काढल्यावर दोन आठवड्यांत भरते. तीन आठवड्यांनंतरही राहिलेल्या तोंडातल्या जखमेचा तुकडा काढून तपासायलाच हवा. हलणारी दाढ तेवढी काढून घेऊन घरी येऊ नका, कारण दाढ हलण्याचे कारण खाली वाढणारी गाठ असू शकते आणि दाढेची जागा मग भरत नाही. तपासणी नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे किंवा कर्करोगतज्ज्ञांकडे व्हावी. तोंडातल्या जखमेचा तुकडा आणि गाठीची सुईची तपासणी या दोन्ही गोष्टी एकाच भेटीत होऊ शकतात. खर्चाची काळजी असेल, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांकडे शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन चौकशी करावी.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात लागलेली गाठ कितीही लहान असली, दुखत असली किंवा नसली, तरी ती वाट न पाहता दाखवावी. तिथल्या ग्रंथींकडे छाती आणि पोटातून येणाऱ्या लसिकेची वाट असते. डाव्या बाजूची गाठ तर पोटातल्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते. तिथे क्षयाची गाठही येते, पण ते तपासणीनंतर ठरवायचे.

स्त्रियांनी काखेत गाठ लागल्यास त्या बाजूचा स्तन तपासून घ्यावा. मान, काख आणि जांघ अशा एकाहून अधिक ठिकाणी एकदम गाठी आल्या, सहा महिन्यांत काही न करता वजन दहा टक्के उतरले, किंवा रात्री इतका घाम येऊ लागला की उन्हाळा नसतानाही कपडे आणि चादर बदलावी लागते, तर गाठ लहान आहे म्हणून गप्प बसू नये. फिट्सच्या काही गोळ्यांनीही गाठी येतात, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवावी. गिळताना अडकू लागले, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला किंवा चेहरा आणि मान सुजली, तर वेळ रात्रीची असली तरी रुग्णालयातच जावे.

तुमच्या यजमानांना ऊस जाईपर्यंत थांबवू नका. तोड आठ दिवस पुढे-मागे होऊ शकते. तुम्ही स्वतः त्यांच्याबरोबर जा, कारण दोन महिन्यांची गाठ ते "चार दिवसांपासून" म्हणून सांगतील. जाताना जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे न्या, तंबाखू किती वर्षे आणि रात्री झोपतानाही गालात धरतात का, हे तुम्ही सांगा, आणि बार नेमका कोणत्या बाजूला ठेवतात ते डॉक्टरांना बोटाने दाखवा.